भूक खरोखर कमी झाली, हे देशाने कशावरून ओळखावे?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयात नव्याने रुजू झालेल्या एका सहकाऱ्याने विचारले आहे: आमच्या देशाच्या ताज्या अहवालात अल्पपोषित लोकसंख्येचे प्रमाण तीन वर्षांत घटलेले दिसते, त्याच काळात अन्नाच्या बाबतीत असुरक्षित असलेल्या लोकांचे प्रमाण वाढलेले दिसते, आणि पाच वर्षांखालील मुलांमधील कृशतेचा, म्हणजे उंचीच्या मानाने वजन फार कमी असण्याचा, आकडा जागचा हललेला नाही. यांपैकी कोणता आकडा खरा धरायचा, आणि २०३० पर्यंत भूक संपवण्याच्या दिशेने देश पुढे सरकतो आहे की नाही, हे कशावरून ठरवायचे?

तिन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात, कारण ते तीन निरनिराळ्या गोष्टी मोजतात. देशात वर्षभरात उपलब्ध झालेली अन्नऊर्जा लोकांत कशी वाटली गेली असेल, याचा अंदाज पहिला आकडा करतो. अन्न मिळवताना लोकांना काय सोसावे लागले, हे दुसरा त्यांच्याच तोंडून ऐकतो. आणि तिसरा मुलांच्या शरीरावर झालेला परिणाम पाहतो. म्हणून कोणता आकडा खरा, हे विचारण्याआधी मागच्या वेळी आणि या वेळी मोजपट्टी तीच होती का, हे विचारावे लागते. पोषण सर्वेक्षणे आखण्यात आणि त्यांचे निष्कर्ष तपासण्यात बरीच वर्षे घालवल्यावर माझे असे मत झाले आहे की, भूक घटल्याच्या किंवा वाढल्याच्या ज्या बातम्या आपण वाचतो, त्यांतल्या पुष्कळशा प्रत्यक्षात मोजपट्टी बदलल्याच्या बातम्या असतात.

मोजायचे काय, हेसुद्धा कायम राहिलेले नाही. १९९६ मध्ये रोम येथे भरलेल्या जागतिक अन्न शिखर परिषदेने २०१५ पर्यंत अल्पपोषित माणसांची संख्या निम्मी करण्याचे वचन दिले होते. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या सहस्रक विकास उद्दिष्टांत संख्येच्या जागी प्रमाण आले आणि १९९० हे आधारवर्ष धरले गेले. लोकसंख्या वाढत असताना या दोन वचनांत केवढे अंतर पडते, ते २०१५ च्या जागतिक हिशेबात दिसले. विकसनशील प्रदेशांतील अल्पपोषितांचे प्रमाण २३.३ टक्क्यांवरून १२.९ टक्क्यांवर आले होते, म्हणजे उद्दिष्ट अगदी थोडक्यात हुकले होते. पण जगातील अल्पपोषितांची संख्या सुमारे १०१ कोटींवरून ७९.५ कोटींवरच आली होती, म्हणजे घट जेमतेम एक पंचमांश होती. एकाच अहवालातून एकाला यश दिसले आणि दुसऱ्याला अपयश, आणि दोघांनीही आकडे बरोबरच वाचले होते. त्याच वर्षी स्वीकारलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी दुसऱ्या उद्दिष्टाने निम्म्याची भाषा सोडून भूक पूर्णपणे संपवण्याचे लक्ष्य ठेवले. त्यासाठी दोन मुख्य निर्देशक ठरले: अल्पपोषणाचे प्रमाण, आणि अन्नअसुरक्षिततेच्या अनुभवांवर आधारलेले प्रमाण. त्यांच्या जोडीला मुलांची खुंटलेली वाढ, कृशता, अतिवजन आणि स्त्रियांमधील रक्तक्षय आहे, आणि २०२५ च्या आढाव्यात आहारातील विविधतेचीही त्यांत भर पडली आहे.

अल्पपोषणाच्या आकड्यापाशी थोडे जास्त थांबतो, कारण सर्वांत जास्त उद्धृत होणारा आणि सर्वांत कमी समजलेला आकडा हाच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची ही पद्धत मुळात पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्या विचारातून आली. ते त्या संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख असताना १९६१ मध्ये त्यांनी लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात तिची चौकट आहे. अन्न ताळेबंदावरून, म्हणजे उत्पादन आणि आयात यांतून निर्यात, बियाणे, पशुखाद्य, इतर वापर व नासाडी वजा करून आणि साठ्यातील फरक जमेस धरून, माणशी रोजची सरासरी ऊर्जा काढायची. कुटुंब सर्वेक्षणांवरून ती लोकांत किती विषम वाटली गेली आहे, हे ठरवायचे. आणि लोकसंख्येची वये, लिंग व उंची पाहून ऊर्जेची किमान गरज काढायची. त्या किमान रेषेखाली वितरणाचा जो भाग येतो, ते अल्पपोषणाचे प्रमाण. या हिशेबात कोणालाही 'तू जेवलास का' असे विचारलेले नसते आणि कोणत्याही एका माणसाचे ताट मोजलेले नसते. हे प्रतिमानातून, म्हणजे गणिती मॉडेलमधून, निघालेले अनुमान आहे, आणि कोणत्या जिल्ह्यात किंवा कोणत्या समाजगटात भूक आहे, हे त्यातून कळू शकत नाही.

हे अनुमान किती नाजूक आहे, ते एका काल्पनिक देशाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. माणशी सरासरी उपलब्धता रोज २४०० किलोकॅलरी, किमान गरज १८०० किलोकॅलरी आणि विषमता दाखवणारा विचरण गुणांक ०.२५ धरून लॉगनॉर्मल वितरणाने (ज्यात बहुतेक माणसे खालच्या बाजूला आणि थोडी फार वर असतात) हिशेब केला, तर अल्पपोषणाचे प्रमाण १४.८ टक्के येते. सरासरी फक्त ५० किलोकॅलरींनी, म्हणजे जेमतेम दोन टक्क्यांनी कमी धरली, तर ते १६.९ टक्के होते. सरासरी तीच ठेवून विचरण गुणांक ०.३० केला, तर ते २०.२ टक्क्यांवर जाते. देशाची लोकसंख्या ५ कोटी असेल, तर या शेवटच्या एका बदलाने अल्पपोषितांच्या यादीत सुमारे २७ लाख माणसांची भर पडते, आणि प्रत्यक्षात कोणाच्याही ताटातला एक घासही कमी झालेला नसतो. आता लक्षात घ्या की खासगी साठ्यांची माहिती बहुतेक देशांत धड मिळत नाही, परसातले आणि कंदमुळांचे उत्पादन अंदाजाने लिहिले जाते, आणि विषमतेचा गुणांक ज्या सर्वेक्षणावरून घ्यायचा ते पाच-सात वर्षांतून एकदा होते. ताळेबंदातील दोन टक्क्यांची चूक ही चांगल्या आकडेवारीतली चूक म्हणावी लागेल.

या नाजूकपणाचे परिणाम जगाने पाहिले आहेत. २००९ मध्ये जगात १०२ कोटी लोक भुकेले असल्याचे जाहीर झाले आणि तो आकडा जगभर गाजला. २०१२ मध्ये पद्धत सुधारली गेली, तेव्हा अन्नधान्याच्या भाववाढीच्या काळातले ते शिखर मालिकेतून नाहीसे झाले आणि २०१०-१२ चा आकडा ८६.८ कोटी निघाला. १९९० च्या सुमाराचा आकडा मात्र त्याच सुधारणेत वर सरकला. जी मालिका आधी चढती दिसत होती, ती उतरती दिसू लागली. २०२० मध्ये चीनमधील विषमतेचा अंदाज नव्या सर्वेक्षणांच्या आधारे सुधारला गेला, आणि आदल्या वर्षीच्या अहवालात ८२ कोटींच्या वर असलेली जागतिक संख्या ६९ कोटींच्या आसपास आली. या दोन्ही सुधारणा शास्त्रीयदृष्ट्या योग्य होत्या, आणि संघटनेने प्रत्येक वेळी जुनी वर्षेही नव्या पद्धतीने मोजून दिली होती. चूक होते ती वाचणाऱ्याची: तो जुन्या अहवालातला जुना आकडा आणि नव्या अहवालातला नवा आकडा शेजारी ठेवून प्रगती काढतो. तुमच्या कार्यालयात कोणी असे करताना दिसले, तर त्यांना तिथेच थांबवा. एखाद्या वर्षाचा आकडा हवा असेल, तर तो नेहमी सर्वांत ताज्या मालिकेतून घ्यावा, मग ते वर्ष कितीही जुने असो.

किमान गरजेच्या रेषेबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. सगळ्यांची सरासरी गरज ही रेषा मानली, तर अंगकाठीने लहान किंवा कमी गरज असलेली निरोगी माणसेही भुकेली ठरतात, म्हणून सुखात्मे यांनी रेषा खाली ठेवण्याचा आग्रह धरला आणि एकाच माणसाची गरजही काळानुसार बदलते, असे पुढे मांडले. आजची रेषा हलकी शारीरिक हालचाल गृहीत धरून काढली जाते. खोटे भुकेले मोजले जाऊ नयेत, हा त्यामागचा हेतू मला पटतो. पण दिवसभर अंगमेहनत करणारा माणूस या रेषेच्या वर असूनही उपाशी असू शकतो, आणि गरिबांत अशी माणसेच जास्त असतात. त्यामुळे हा आकडा भुकेची खालची मर्यादा म्हणून वाचावा, असे मी सुचवतो.

ज्यांना ही सगळी प्रतिमाने नकोत, ते म्हणतात की कुटुंब सर्वेक्षणांतूनच थेट खाणे मोजावे. तेही सोपे नाही. टांझानियात २००७-०८ मध्ये सुमारे ४,००० कुटुंबांची यादृच्छिक विभागणी करून खाण्याचा खर्च व वापर आठ निरनिराळ्या प्रकारांनी विचारला गेला: कोणाला सात दिवसांचे आठवायला सांगितले, कोणाला चौदा, कोणाकडून रोजनिशी लिहून घेतली, कोणाला लांबलचक यादी वाचून दाखवली आणि कोणाला छोटी. एकाच देशातल्या, एकाच काळातल्या या लोकांत भुकेल्यांचे प्रमाण कोणत्या प्रश्नावलीने मोजले, यावर ते एक पंचमांशाच्या आसपास ते दोन तृतीयांशांच्या आसपास इतके बदलले. म्हणून प्रश्नावलीत आठवणीचा काळ बदलण्याचा किंवा यादी सुटसुटीत करण्याचा प्रस्ताव येतो, तेव्हा तो कारकुनी बदल समजू नये. बदल करायचाच असेल, तर एका फेरीत जुनी आणि नवी प्रश्नावली वेगवेगळ्या उपनमुन्यांवर एकाच वेळी चालवावी. नाहीतर त्या वर्षाच्या आधीची मालिका कायमची तुटते. घराबाहेर खाल्लेले अन्न हाही असाच न संपणारा प्रश्न आहे. ते कोणी खाल्ले, किती खाल्ले, हे उत्तर देणाऱ्या एका व्यक्तीला बहुधा ठाऊकच नसते.

आता तुमच्या दुसऱ्या आकड्याकडे येतो. अन्नअसुरक्षिततेच्या अनुभवांची मोजपट्टी आठ प्रश्नांची आहे: गेल्या बारा महिन्यांत पैशांच्या किंवा इतर साधनांच्या अभावी पुरेसे खायला मिळणार नाही अशी काळजी वाटली का, इथपासून एखादा पूर्ण दिवस काहीही न खाता काढावा लागला का, इथपर्यंत. २०१४ पासून ही मोजपट्टी जगभर वापरली जाते. उत्तरांचे सांख्यिकी विश्लेषण करून प्रत्येक देशाची पट्टी एका सामाईक जागतिक पट्टीवर बसवली जाते, त्यामुळे देशादेशांची तुलना शक्य होते. या पद्धतीबद्दल मला मनापासून आदर आहे, कारण भुकेच्या मोजमापात भुकेल्या माणसालाच थेट विचारले जाते. शिवाय ती स्वस्त आहे, लवकर निकाल देते आणि नमुना पुरेसा मोठा असेल तर प्रदेश, लिंग, व्यवसाय यांनुसार फोडून पाहता येते.

तिच्या मर्यादा मात्र नीट ओळखायला हव्यात. 'पौष्टिक अन्न' या शब्दांचा अर्थ भाषेगणिक बदलतो आणि भाषांतर थोडे चुकले तरी एक प्रश्न पट्टीवरून सरकतो. मदतवाटपाच्या आधी विचारले, तर काही जण वाढवून सांगतात. शेजाऱ्यांसमोर विचारले, तर काही जण लाजेने लपवतात. शिवाय जिथे राष्ट्रीय सर्वेक्षणात हे प्रश्न नसतात, तिथे साधारण १,००० लोकांच्या मतसर्वेक्षणावरून देशाचा आकडा काढला जातो. तीव्र असुरक्षितता ४ टक्के आली असेल, तर एवढ्या नमुन्यात ती अडीच ते साडेपाच टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. अशा वेळी एका वर्षात अर्ध्या टक्क्याने वाढ झाली, या विधानाला काही अर्थ राहत नाही. हे प्रश्न देशाने आपल्या मोठ्या नियमित सर्वेक्षणात घालावेत, हा यावरचा साधा आणि कमी खर्चाचा उपाय आहे, आणि तो अमलात आणणाऱ्या देशांची संख्या वाढते आहे.

तुमच्या अहवालातला विरोधाभास बहुधा इथेच उलगडतो. धान्याचे उत्पादन चांगले झाले, सरासरी उपलब्धता वाढली, तर पहिला आकडा घटतो, कारण विषमतेचा गुणांक जुन्याच सर्वेक्षणातून उचललेला असतो. त्याच वर्षी रोजगार गेले, भाव चढले, लोकांनी ताटातले पदार्थ कमी केले किंवा एक वेळचे जेवण टाळले, तर दुसरा आकडा वाढतो. पहिला आकडा तीन वर्षांची सरासरी म्हणून दिला जातो आणि ताजे वर्ष त्यात बरेचसे अंदाजाने भरलेले असते, त्यामुळे संकट त्यात उशिरा आणि बोथट होऊन उमटते. मी दुसऱ्या आकड्याला ताजेपणासाठी आणि पहिल्याला दीर्घकालीन दिशेसाठी वजन देतो.

मुलांच्या मोजमापांबद्दल लोकांना वाटते की निदान इथे तरी वाद नसावा, कारण उंची मोजायची फळी आणि तराजू खोटे बोलत नाहीत. प्रत्यक्षात सर्वांत जास्त वेळ मी याच आकड्यांची साफसफाई करण्यात घालवला आहे. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील निरोगी मुलांच्या वाढीवरून जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये वाढीची मानके दिली. वयानुसार उंची मध्यकाच्या (निरोगी मुलांतल्या अगदी मधल्या उंचीच्या) दोन प्रमाण विचलनांहून खाली असेल, तर वाढ खुंटलेली मानतात; प्रमाण विचलन म्हणजे मोजमापे किती पसरली आहेत ते सांगणारे माप. आता समजा, एखाद्या देशातील मुलांची सरासरी मध्यकापेक्षा १.२ विचलनांनी खाली आहे आणि नीट मोजले तर मुलामुलांतला फरक १.१ इतका पसरलेला आहे. वाढ खुंटलेल्यांचे प्रमाण २३.४ टक्के येते. मोजणारे घाईत असतील, फळी उतारावर ठेवली असेल, वये अंदाजाने लिहिली असतील, तर चुका दोन्ही बाजूंनी होतात, सरासरी हलत नाही, पण पसारा १.४ पर्यंत वाढतो. आणि तीच मुले, त्याच उंचीची, २८.४ टक्के खुंटलेली ठरतात. पुढच्या फेरीत प्रशिक्षण सुधारले की देशाने पाच टक्के प्रगती केल्याचे जाहीर होते, आणि एकाही मुलाची वाढ पूर्वीपेक्षा बरी झालेली नसते. मुलांच्या पोषणाचा कोणताही आकडा वाचताना शेजारी प्रमाण विचलन छापले आहे का, हे मी सर्वांत आधी पाहतो. ते छापलेले नसेल, तर मागवून घेतो.

वयाची नोंद हे या कामातले सर्वांत दुखरे ठिकाण आहे. एका सर्वेक्षणात आम्ही वयांचा आलेख काढला, तेव्हा २४, ३६ आणि ४८ महिन्यांवर उंच सुळके दिसले आणि मधल्या महिन्यांत दऱ्या. जन्मनोंदी नव्हत्या, आयांनी पूर्ण वर्षे सांगितली आणि प्रगणकांनी त्यांना बाराने गुणले. सण, पूर, निवडणूक अशा घटनांचे कॅलेंडर समोर ठेवून वय काढायचे असते, हे त्यांना शिकवले होते. पण ते काम एका मुलामागे दहा मिनिटे घेते आणि दिवसाचे लक्ष्य पूर्ण करायचे असते. दोन वर्षांखालील मुलाची लांबी आडवे झोपवून मोजतात आणि त्यानंतर उंची उभे करून, आणि या दोन मोजमापांत सरासरी ०.७ सेंटिमीटरचा फरक पडतो. वयाची नोंद चुकली, तर मोजण्याची पद्धतही चुकते. ते सर्वेक्षण प्रसिद्ध झाले, पण त्यातील वाढ खुंटण्याच्या आकड्यापुढे इशारा छापावा, एवढे मान्य करून घ्यायला आम्हाला दोन महिने भांडावे लागले. त्या भांडणाचा मला आजही अभिमान वाटतो.

कृशतेचे दुखणे निराळे आहे. ती अवस्था काही आठवड्यांत येते आणि जाते, किंवा मूल दगावते. एका दिवशी घेतलेल्या मोजमापात फक्त त्या दिवशी कृश असलेली मुले सापडतात. वर्षभरात त्या अवस्थेतून गेलेली मुले त्याहून पुष्कळ जास्त असतात. शिवाय ती ऋतूंबरोबर बदलते. बांगलादेशात वाढ खुंटलेल्या मुलांचे प्रमाण २०१७-१८ मधील ३१ टक्क्यांवरून २०२२ मध्ये २४ टक्क्यांवर आले, ही मोठी आणि सातत्याने टिकलेली प्रगती आहे. त्याच दोन सर्वेक्षणांत कृशता ८ वरून ११ टक्क्यांवर गेली. पण पहिल्याचे क्षेत्रकाम मुख्यतः हिवाळ्याच्या महिन्यांत आणि दुसऱ्याचे पावसाळ्यापासून पुढे झाले होते, हे ध्यानात घेतल्याशिवाय दुसऱ्या तुलनेवर निष्कर्ष काढू नये. तुमच्या देशातील कृशतेचा आकडा स्थिर दिसतो, तेव्हा दोन्ही फेऱ्या कोणत्या महिन्यांत झाल्या, हे तपासा. वेगवेगळ्या ऋतूंत झाल्या असतील, तर 'बदल नाही' हे विधानही सिद्ध होत नाही.

निर्देशकांचे मिश्रण करून देशांचा क्रम लावणाऱ्या जागतिक भूक निर्देशांकाबद्दल थोडक्यात सांगतो. २००६ पासून प्रसिद्ध होणाऱ्या या निर्देशांकात अल्पपोषण आणि बालमृत्यू यांना प्रत्येकी एक तृतीयांश, तर वाढ खुंटणे आणि कृशता यांना प्रत्येकी एक षष्ठांश वजन आहे. लक्ष वेधायला त्याचा उपयोग होतो. पण भूक, आजारपण, अस्वच्छ पाणी आणि आईचे आरोग्य यांचे परिणाम त्यात एकत्र मिसळतात, आणि देशाचा क्रम इतर देशांचे काय झाले यावरही ठरतो, म्हणून राष्ट्रीय प्रगतीसाठी मी तो वापरत नाही. २०२१ मध्ये भारत सरकारने त्यावर आक्षेप घेताना तो दूरध्वनीवरील मतसर्वेक्षणावर आधारलेला असल्याचे म्हटले होते; त्यावर प्रकाशकांनी स्पष्ट केले की त्यात अन्न ताळेबंदावरचा अल्पपोषणाचा आकडा वापरला जातो, अनुभवांच्या आठ प्रश्नांचा नव्हे. हे दोन निर्देशक किती सहज एकमेकांत मिसळले जातात, हे त्यातून दिसते.

दुष्काळ आणि युद्ध यांतली तीव्र भूक या सगळ्या मापांच्या बाहेर राहते. तिच्यासाठी २००४ मध्ये सोमालियात सुरू झालेली पाच टप्प्यांची वर्गवारी वापरतात. शेवटच्या टप्प्याच्या, म्हणजे दुष्काळाच्या, कसोट्या कठोर आहेत: किमान २० टक्के कुटुंबांना अन्नाचा टोकाचा अभाव, ३० टक्क्यांहून अधिक मुले तीव्र कुपोषित, आणि दर दहा हजार लोकांमागे रोज किमान दोन मृत्यू. २०११ मध्ये सोमालिया, २०१७ मध्ये दक्षिण सुदान, २०२४ मध्ये सुदानमधील झमझम छावणी आणि २०२५ मध्ये गाझा येथे या कसोट्यांनुसार दुष्काळ असल्याचे निष्कर्ष निघाले. जिथे मुलांना तराजूपर्यंत आणता येत नाही, तिथे दंडाचा घेर मोजून काम भागवावे लागते. २०२४ मध्ये ५३ देशांत आणि प्रदेशांत २९.५ कोटी लोक तीव्र अन्नसंकटात होते, आणि त्याच वर्षी अल्पपोषितांचा जागतिक अंदाज ६३.८ ते ७२ कोटी होता. या दोन संख्यांची बेरीज करू नये आणि एकीतून दुसरी वजाही करू नये, कारण त्यांतली माणसे काही अंशी तीच असतात आणि काही अंशी वेगळी.

उद्दिष्टात 'संपवणे' हा शब्द आहे, त्यामुळे शून्य म्हणजे काय, हेही आधी ठरवावे लागते. अल्पपोषणाचा आकडा २.५ टक्क्यांच्या खाली गेला की तो नेमका दिलाच जात नाही, कारण तिथे पद्धतीची अचूकता संपते, आणि देश अन्न व कृषी संघटनेच्या भूक नकाशातून बाहेर पडला असे म्हटले जाते. ब्राझील २०१४ मध्ये असा बाहेर पडला, पुढे काही वर्षांनी परत आला आणि २०२२-२४ च्या सरासरीत पुन्हा बाहेर पडला. एवढ्या मोठ्या देशात अडीच टक्के म्हणजे पन्नास लाखांहून अधिक माणसे. त्यामुळे नकाशाबाहेर जाणे ही खरी कमाई असली, तरी काम संपल्याचा तो दाखला नव्हे. उलट, वाढ खुंटण्याच्या बाबतीत शून्य शक्यच नाही: पूर्ण निरोगी समाजातही सुमारे २.३ टक्के मुले दोन विचलनांच्या खाली असणारच.

प्रगतीचा वेग सांगताना नमुन्याच्या चुकीचा विसर पडतो, हेही वारंवार दिसते. प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास असेल आणि प्रत्येक फेरीत ४,००० मुले मोजली असतील, तर समूहनिवडीचा (मुले सुटी न निवडता गावागावाने किंवा वस्तीवस्तीने निवडण्याचा) परिणाम धरून दोन फेऱ्यांतला अडीच टक्क्यांचा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. दर तीन-चार वर्षांनी सर्वेक्षण करणाऱ्या देशाने फक्त शेवटच्या दोन बिंदूंवरून निष्कर्ष काढू नये. निदान चार फेऱ्या एका रेषेत ठेवून पाहाव्यात.

मला सध्या सर्वांत जास्त चिंता मोजमाप थांबण्याची वाटते. १९८४ पासून ९० हून अधिक देशांत आरोग्य व पोषणाची माहिती गोळा करणारा लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणांचा कार्यक्रम २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेचा निधी अचानक तोडला गेल्यामुळे बंद पडला, आणि चालू असलेली सर्वेक्षणे अधांतरी राहिली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या कृषी विभागाने आपल्याच देशातील कुटुंबांच्या अन्नसुरक्षेचा वार्षिक अहवाल यापुढे बंद करत असल्याचे जाहीर केले. त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये सुदानच्या सरकारने तीव्र भुकेच्या वर्गवारीतून माघार घेतली होती. भूक मोजायची थांबवली की ती कागदावरून नाहीशी होते, आणि ज्यांच्यासाठी कागदावर असणे हाच मदतीचा एकमेव मार्ग असतो, ती माणसे त्याबरोबर नाहीशी होतात. म्हणून सर्वेक्षणाचा खर्च देशाच्या स्वतःच्या अंदाजपत्रकात असावा आणि निकाल प्रसिद्ध करण्याची तारीख आधीच जाहीर केलेली असावी, यासाठी तुमच्या कार्यालयाने आग्रह धरावा.

या वर्षीच्या अहवालापुरते सांगायचे, तर तिन्ही आकडे छापा, त्यांना एकाच तक्त्यात ठेवा, पण त्यांची सरासरी काढू नका. प्रत्येकापुढे चुकीची मर्यादा, क्षेत्रकामाचे महिने आणि मालिका कधी सुधारली गेली ते लिहा. अल्पपोषणापुढे विषमतेचा गुणांक कोणत्या वर्षीच्या सर्वेक्षणातून घेतला, तेही लिहा. तुमच्या माहितीवरून 'अन्नाची उपलब्धता सुधारली असावी, लोकांची अन्नापर्यंतची पोच बिघडली आहे, आणि मुलांच्या कृशतेबद्दल आत्ता निष्कर्ष काढता येत नाही' एवढे म्हणता येईल. त्याहून जास्त म्हणू नका, कोणी दबाव आणला तरी. आणि तक्त्याला शेवटी एक रकाना जोडा, जो फार थोड्या देशांच्या अहवालांत असतो: या सर्वेक्षणाने कोण वगळले गेले. बेघर, स्थलांतरित मजूर, भटके, छावण्या, वसतिगृहे, तुरुंग, आणि सुरक्षेच्या कारणाने प्रगणक जिथे गेलेच नाहीत ते जिल्हे. त्यांची लोकसंख्या अंदाजाने का होईना, पण त्या रकान्यात आकड्याने लिहा.